एकोणीस भोकांची रॅकेट

४ एप्रिल, सोमवार
स्वतःच्या हातांनी केलेलं: बर्चच्या फळीच्या रॅकेटी बारा, हलक्या व्हाव्यात म्हणून प्रत्येकीला एकोणीस भोकं. लोकर साबणाच्या पाण्यात चोळून वळलेले चेंडू वीस. मासेमारीच्या जुन्या जाळ्याचं नेट एक. टेनिस कुणी शिकवलं नाही, एका रशियन पुस्तकावरून शिकलो. पहिली पानं फाटलेली होती. काही अडलं नाही. मुख्याध्यापक दौलेत म्हणाले, शुक्रवारी मुलांचे खेळ घेऊन दाखव. जमलं तर सुतारकामाबरोबर टेनिसचा तासही तुझा. 'जमलं तर'? कुणीतरी कान भरलेत.

५ एप्रिल
चौथीची पोरं. पहिला खेळ 'कोकरू घरी न्या': चेंडू रॅकेटीवर ठेवून पळायचं. उत्तम. मग नेटवरून मारायचा. चेंडू पडला की पडलाच. तोगझान नावाची चिमुरडी म्हणाली, अगाई गुरुजी, हा मेला. सांगितलं, उसळी मुद्दाम कमी ठेवलीय, विचार करायला वेळ मिळतो. म्हणे, विचार करून झाला, आता काय करू? शिकवून पाठवलेली दिसते.

६ एप्रिल
संशय खरा. अल्माटीहून व्यायामाच्या नव्या बाई आल्यात, मेरुएर्त. मऊ लाल चेंडू आणलेत. उसळतात, पण फाजील. माझी रॅकेट उलटीसुलटी पाहून 'सुंदर काम' म्हणाली. नक्कल करायची असली की लोक असंच म्हणतात. गुण मी १५, ३०, ४५ असे शिकवतो. ती म्हणते, ४०. पंधराचा पाढा येत नाही आणि टेनिस शिकवणार.

७ एप्रिल
रॅकेटी अकराच. कपाटाचं कुलूप मी स्वतः केलेलं, म्हणजे चोर जाणकार आहे. मेरुएर्तच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. अट्टल.

८ एप्रिल, संध्याकाळ
वारा प्रतिकूल. कोकरू घरी गेलं. पुढचे चेंडू नेटमध्ये अडकले. जाळं माशांचं, आपलं काम चोख करतं. पोरं लाल चेंडूंकडे पळाली. तोगझान तेवढी थांबली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून थांबले, म्हणाली. वाईट कसलं?

दौलेत म्हणाले, ओराझ, हात सोन्याचे रे तुझे, पण चेंडू चिखलाचे. तास मेरुएर्तला.

म्हटलं, आधी चोरीचं बघा. दोघांना घेऊन शाळाभर फिरलो. बारावी रॅकेट सापडली, स्वयंपाकघरात. स्वयंपाकीण नुरिया आपा तिच्यावर बौरसाकचे तळलेले गोळे निथळवत होती. म्हणे, बुधवारी चहाला आलास तेव्हा तूच विसरलास की. तेल कसं झरझर उतरतं बघ, असा झारा अख्ख्या झारकेंटच्या बाजारात मिळायचा नाही. मेरुएर्तने गरम बौरसाक उचलला आणि पुन्हा म्हणाली, सुंदर काम.

उरलेल्या अकराही दे, आपा म्हणाली, एकीचे पाचशे.

टेनिसच्या रॅकेटी आहेत त्या. जागच्या जागी नकार दिला. साडेपाच हजार तेंगे.