दोर नेणारी बोट

१० जानेवारी
या वहीला तोंड दाखवायची लाज वाटत होती. दिवाळीत लिहून ठेवलं होतं की तिसरी मोटार बसल्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही. असला पण कोण करतं? माफी. आज बसली.

बोट कशासाठी, हे पुन्हा लिहून ठेवते. उन्हाळ्यात सुदामचा कुत्रा, मोती, त्याच्याच शेततळ्यात बुडून गेला. प्लॅस्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. कुत्रं चढायचं, घसरायचं. मी, माझा नवरा मिलिंद, सुदाम, शोभा, सगळे काठावर उभे. फेकलेली ट्यूब भलतीकडेच पडली. शोभा सुदामची बायको, माझी धाकटी जाऊ. ती रोज त्याच काठावरून पंपाचा पाइप बघायला उतरते. म्हणून बोट. रिमोटवर चालणारी, ट्यूब आणि दोर घेऊन माणसापर्यंत जाणारी. एक पंखा शेवाळात अडकला तर दोन चालू राहावेत, म्हणून मोटारी तीन.

कारण चोख आहे. जरा जास्तच चोख.

१४ जानेवारी
सुदामच्या तळ्यात चाचणी. नुसती बोट उडते. दोर लावला की नाक वर, बूड पाण्यात. वळवली तर दोर डाव्या पंख्यात गुंतला आणि सगळं ठप्प. शेवटी त्याच दोराने ओढून काठाला आणली.

सुदाम : "वहिनी, ही दोर न्हेनार, का दोर हिला आननार?"

शोभा हसून बेजार. मीही हसले, घरी आल्यावर चिडले. दोर मागे बांधायची चूक एम.एस्सी. झालेल्या, अकरावीला फिजिक्स शिकवणाऱ्या बाईने करावी! हूक काढून बोटीच्या मध्यापुढे बसवला, पंख्यांना जाळी लावली. आता दोर गुंतत नाही. वेग मात्र निम्मा. त्याचं वाईट वाटलं. का वाटावं?

१९ जानेवारी
गावच्या पुढाऱ्यांचा, भाऊंचा, माणूस आला होता, गणेश. बूट घालून थेट हॉलमध्ये. भाऊंचा वाढदिवस गावतलावावर.

"मॅडम, केक तलावाच्या मधून येनार. वर ड्रोन. भाऊ काठावर सुरी घिऊन हुबे."

मी म्हटलं, बोट केकसाठी नाही.

"मग कशाला हाय?"

सांगितलं.

"आवो, मानूस बुडायची वाट बघत बसनार का? तवर केक तरी न्या!"

मिलिंद हसला. मग गणेश आवाज उतरवून, मोठी मेहरबानी केल्यासारखा : "निळा धूर लावू की मागं. तुमची पन मान्सं खूश." समोर भिंतीवर बाबासाहेब. त्यांच्याकडे बघायचं धैर्य झालं नाही. चहा मात्र दिला. किळस आली, आणि तरी दिला.

तो गेल्यावर कळलं, मिलिंदने हायवेवरच्या हॉटेलातच परस्पर हो म्हणून टाकलं होतं. "एवढं काय गं, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे." संध्याकाळी प्राचार्यांचा फोन. कॉलेजचं नाव होईल म्हणे.

२२ जानेवारी
हो म्हणाले.

नवऱ्यावर किंवा प्राचार्यांवर ढकलता येईल, पण इथे तरी नको. कोणी धमकावलं नाही. सुदामच्या तळ्यात पूर्ण वेग यायच्या आत समोरचा काठ येतो. तलावात काठ इतक्यात येणार नाही. बास, एवढंच खरं कारण.

जाळी काढली. पंखे वेगाचे लावले. केकच्या फळीला सपाट जागा हवी होती, हूक नेमका मध्ये. तोही काढला.

२८ जानेवारी
झालं एकदाचं.

डीजे, फेटे, ड्रोन. बोट पलीकडून सोडली. तलावाच्या मध्यावर तिन्ही मोटारींचा एकच सूर लागला, नाक उचललं, आणि मी केक विसरले. खरंच विसरले. नुसतं बघायचं म्हणून जोरात वळवली. केक मागे सरकला, फळीवरून घसरून अर्धा पाण्यात. मोटारी थंड ठेवायला तळाशी बारीक भोकांतून पाणी घेते, त्यांत क्रीम शिरलं. उजवी मोटार जळाली. धूर निघाला. लोकांना वाटलं हाच कार्यक्रम. शिट्ट्या, टाळ्या. पाठोपाठ निळा धूरही सुटला.

भाऊ : "बोट कुनाची रं?" आणि हात मिलिंदच्या खांद्यावर. मिलिंद "माझी" म्हणाला नाही. "माझी नाही" असंही म्हणाला नाही.

दुसरा केक गाडीत तयारच होता. कापला. कागदी प्लेटा तलावात. मीही खाल्ला.

३० जानेवारी
बोट टेबलावर उघडून ठेवली आहे. नळ्यांत आंबलेलं क्रीम. दात घासायच्या ब्रशने काढतेय, वास जात नाही. मिलिंद म्हणतो खिडकी उघड. खिडकी उघडीच आहे.

२ फेब्रुवारी
सकाळी शोभाचा फोन. "ताई, हे तळ्यात..." एवढंच, मग नुसता आरडाओरडा.

गाडी काढली. पोचलो तेव्हा सुदाम वर आलेला होता. पाय सरकून आत गेला, पंपाचा पाइप हाताला लागला, त्याला धरून थोडं थोडं करत वर. शोभाने काठावर पालथं पडून शर्ट धरला. गोधडीत बसला होता, ओठ काळेनिळे, नडग्या सोललेल्या.

बोट त्या वेळी माझ्या टेबलावर. दोन मोटारी, हूक नाही.

चहा पोटात गेल्यावर सुदामने मोबाईल काढला. "वहिनी, वाढदिवसाची रील बघिटली. वळताना लई भारी दिसती." शोभाही वाकून बघत होती. तिने एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घरी येताना सारखा तो पाइप डोळ्यांसमोर. तो कोणी त्याच्यापर्यंत नेऊन दिला नव्हता. तो तिथेच होता. काठावर खुंटी, तिला गाठी मारलेला दोर, दुसरं टोक कायमचं पाण्यात. दुपारभराचं काम. हे मोती गेला त्याच दिवशी करता आलं असतं. का केलं नाही? केलं असतं तर बोटीचं काय करायचं होतं?

आणि मोती. कुत्र्याने ना दोर धरला असता, ना ट्यूब. बोट वेळेत पोचली असती तरी तो गेलाच असता. इतके महिने त्याच्या नावावर मी...

३ फेब्रुवारी
गणेशचा फोन. भाऊंच्या मेव्हण्यांचा कार्यक्रम नेवाशाला, नदीवर. "मॅडम, चार मोटारींची हुईल का?" सांगते म्हटलं. नाही म्हटलं नाही. फोन ठेवायच्या आत डोक्यात मांडणी सुरू : दोन बाहेर, दोन आत, जोडीने उलट्या फिरणाऱ्या. स्वतःचीच शिसारी आली. मांडणी थांबली नाही.

पाय सरकून थेट मध्यावर गेलेल्या माणसाला काठचा दोर पुरणार नाही. त्याला बोट लागेल. हा प्रश्न खरा, की बोटीसाठी शोधून काढलेला? दिवसभर ठरलं नाही.

उद्या : सुदामच्या तळ्यावर खुंटी ठोकून गाठींचा दोर पाण्यात सोडणे.