येळवशीची तेरणा

२ डिसें., नांदेड
दादाचा लातूरहून फोन. येळवस, वेळ अमावस्येचा शेतातला सण, झाली की आईला गावाहून कायमचं स्वतःकडे नेणार. एकटी राहते, काहीबाही सांगते म्हणे. येळवशीला तेरणा खळखळ वाहायची, आंबिलीला पाणी तिथलंच. दादाला असलं काही आठवत नाही. म्हणजे आईचं डोकं…
माझ्याकडे तेरणेच्या रोजच्या प्रवाहाच्या नोंदी आहेत, चाळीसेक वर्षांच्या. कॉलेजात पोरांना संख्याशास्त्र शिकवायला मिळवलेल्या. नदीलाच विचारते.

५ डिसें.
दर वर्षाचं एकूण पाणी घेतलं. कल नाही. एक साल पूर, एक साल कोरडं. एवढ्या उड्यांत बारीकसा उतार असला तरी सापडायचा नाही. ‘कल सापडला नाही’ म्हणजे ‘बदल झाला नाही’ असं नव्हे, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. आज स्वतःला सांगावं लागलं.

८ डिसें.
आई वर्षाचं कुठं म्हणते? एका दिवसाचं म्हणते. मग दर वर्षीची १ जाने. घेतली. पुन्हा काही नाही. भांडी विसळताना सुचलं, अमावस्या ती, दरसाल एकाच तारखेला कशी येईल! लातूरच्या मुलीनं हे विसरावं. पंचांगातून येळवशी काढत बसले.

११ डिसें.
आधीच्या कितीतरी येळवशींना पाणी वाहतंय! पुढे नाही. पण हा उतार नाही, पायरी आहे. एका वर्षी एकदम खाली. चौकशी केली. मोजायचं ठाणंच तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला नेलेलं. जुनं ठाणं एका ओढ्याच्या संगमाखाली होतं. मग ते पाणी तेरणेचं की ओढ्याचं?
उत्तर आधी ठरवून चाचण्या करत राहिले मी. पोरांनी असं केलं तर मार्क कापते.

१४ डिसें.
आईला फोन. येळवशीला नदी वाहायची कधी थांबली, विचारलं.
“मला काय ठावं बाई? भूकंपानंतर गाव हिकडं आलं. तवापासून आंबिलीला नळाचं पाणी.”
तिचंही ठाणं हललेलं.

१९ डिसें., किल्लारीजवळ
येळवस. शेतात कडब्याच्या खोपीपुढे नैवेद्याला भज्जी, उंडे, आंबील. आईनं सगळं बिनचूक मांडलं. मी गुपचूप तपासत होते, तिनं ओळखलं बहुतेक.
दादानं डिवचलंच. “काय म्हनते तुमची तेरणा, म्याडम?”
नक्की सांगता येत नाही, म्हटलं.
“एवढं शिकून?”
जेवणं झाल्यावर आई उठून जुन्या गावाकडे चालू लागली, आम्ही मागे. नदीत पाणी होतं. पण खाली बंधारा; वाहतंय की साचलंय, काठावरून कळेना. आईनं ज्वारीचं पान पाण्यात सोडलं अन् उकिडवी बसली. मीही.
दादा म्हणाला, चला, तिचं सामान बांधायचंय अजून.
“थांब की. कुणीकडं जातंय बघू दे.”
दादा चप्पल काढून आमच्याशेजारी बसला.
पान हलत होतं. वारंही होतं.