आदर्श सौरघरात लाईन गेली

देवळी, मे अखेर

माननीय व्याही प्रभाकरराव यांना प्रेमदासचा आदरपूर्वक जयभीम.

तुमचे गुडघे कसे आहेत? विहीणबाईंची साखर उतरली का? आमची मोनाली तुमच्या घरी उलट बोलत असेल तर पोटात घाला (तो गुण माझ्याकडून गेला, असं तिची आई म्हणते). हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर तुम्ही सारखं "हो, हो" म्हणता आणि मी मुद्दा विसरतो, म्हणून पत्र लिहायला बसलो.

कमल घरी आली आहे. तुम्ही दवाखान्यात भेटायला आलात तेव्हा त्या गर्दीत काही सांगता आलं नाही, ते आता सांगतो. यंदा आमच्या ग्रामपंचायतीनं गावच सौर करायचं मनावर घेतलं. जास्तीत जास्त छतांवर पॅनल दिसले की गावाचा सत्कार होतो, असं सरपंचांनी कुठून तरी ऐकून आणलं. ओला कचरा, सुका कचरा असं ओरडत फिरणारी घंटागाडी सूर्याची गाणी वाजवू लागली (कचरा तितके दिवस दारातच राहिला). ग्रामसेवक विवेकराव तर घरोघरी चहा पिऊन पिऊन पित्तानं आजारी पडले.

कमलची छाती तुम्हाला माहीतच आहे. सारी उमर जिनिंगमध्ये गेली, कापसाची धूळ आत जाऊन बसली. आता दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन लागतं आणि ते विजेवर चालतं. लाईन गेली की कोपऱ्यातला सिलिंडर लावायचा, अशी आमची वहिवाट. म्हणून मी विवेकरावांना विचारलं, "साहेब, लाईन गेली तर मशीन चालन ना?" ते हसले. "काका, सूर्यच तुमच्या छतावर येऊन राह्यला, आता लाईनीचं काय घेऊन बसले?" मला ते उत्तर वाटलं. (ते उत्तर नव्हतं, हे तुमच्या आत्ताच ध्यानात आलं असेल. आपल्याकडे मॅट्रिक पास तुम्ही एकटेच.)

पॅनल बसले. शेजारच्या डोमाजीच्या शेवग्याची सावली त्यावर पडायची. मी पंचायतीत अर्ज देऊन शेवगा तोडायला लावला, आणि त्यानं स्वतः पॅनल घेतले नाहीत म्हणून चारचौघांत त्याला विकासाचा दुश्मनही म्हटलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. पुढे सत्कार झाला. सरपंचांनी पॅनललाच हार घातला, दारावर "आदर्श सौरघर" अशी पाटी ठोकली. फोटोवाला कमलला म्हणाला, "काकू, नाकातली नळी काढा जराशी, फोटो उदास येते." तिनं काढली. मी कौतुकानं बघत उभा होतो. त्याच आठवड्यात सिलिंडरही परत करून आलो. घरात सूर्य असताना अडगळ कशाला?

मग मे महिना. भर दुपारी लाईन गेली. ऊन असं की कुत्री नालीत बसलेली, पॅनल आरशासारखे लखलखत होते आणि खाली मशीन एकदा टींव करून गप्प झालं. मला वाटलं, काचेवर धूळ बसली. ओलं फडकं घेऊन अनवाणी छतावर पळालो आणि पॅनल पुसत बसलो. व्याहीबुवा, मी सूर्याखाली उभा राहून सूर्य चालू करत होतो! तळपायांची साल निघाली. फिटरला फोन लावला तर तो शांतपणे म्हणाला, "काका, लाईन गेली का हे बी बंद होते. नाही तं खांबावर चढलेल्या माणसाले करंट लागन. बॅटरी वेगळी घ्या लागते, कोनं सांगतलं नाई काय?"

खाली आलो तर कमलचे ओठ जांभळे. ती नुसती माझ्याकडे पाहत होती. आणि गावात जुना इनव्हर्टर एकाच घरी, डोमाजीच्या. मी भिंतीवरून हाक मारली; काय बोललो आठवत नाही. तो आला, बाजेचं एक टोक धरलं. मी वाटेत शेवग्याचं काही बोलू लागलो तर म्हणाला, "भांडू मंग. पहिले बाज उचल." त्यानं घरातले पंखे, कूलर, टीव्ही सगळं बंद केलं आणि मशीन लावलं. त्याची म्हातारी आई उकाड्यात पदरानं वारा घेत कमलच्या उशाशी बसून राहिली. अँब्युलन्स येईपर्यंत बॅटरी टिकली. पुढचं तुम्ही दवाखान्यात पाहिलंच.

खरं सांगायचं तर सौर वाईट नाही. विजेचं बिल खरोखर उतरलं. पण आता पंखा थांबला तरी कमल दचकून माझा हात धरते.

सिलिंडर मीच परत केला, हे तेवढं मोनालीला सांगू नका. चिरंजीवांना आशीर्वाद.

आपला,
प्रेमदास

ता. क. पंचायतीनं मला "सौरदूत" नेमलं आहे. पुढच्या ग्रामसभेला तुमच्याच गावी माझं भाषण आहे. मी हो म्हणालो, कारण सरपंच म्हणाले, "तुमच्या बॅटरीचं पाहू." बॅटरीबद्दल सभेत बोलू नका, असंही म्हणाले. तेव्हा कृपा करून तुम्ही उभे राहा आणि मलाच विचारा. कोणी विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही. आपणहून खरं बोलायची मात्र छाती होत नाही.

दुसरा ता. क. कमलनं हे पत्र वाचलं. म्हणते, "व्याह्याईले कायले तरास? मीच येते, पुढं बसते." ऐकतच नाही. तेव्हा सभेच्या जागी पहिल्या रांगेजवळ चालू प्लग आहे का, तेवढं आधी पाहून ठेवा.