शिऱ्याचा कडू घास

पठाणकोट,
जुलै १९७६

तीर्थरूप आबा,
तुमच्या पायांवर डोकं ठेवून नाथाजीचा नमस्कार. मी खुशाल हाय, काळजी करू नका. तुमी दोन्ही वक्ताला चूल पेटवताय न्हवं, का शिळ्या भाकरीवरच भागवताय?

आपली हॉकी ऑलिंपिकमधनं भाईर पडल्याचं रेडिओवर ऐकलंच असंल. हितं सकाळच्या बातम्यांआधीच लालासाहेब आचाऱ्यानं जिंकायच्या भरवशावर परातभर शिरा करून ठेवला हुता. बातमी आली आन ताटाला कुनी हात लावंना. लालासाहेब बिचारा चुलीकडं तोंड करून बसला, जसं काय त्येच्या शिऱ्यामुळंच हरलो.

मग आमचं जतचं सुभेदार उठलं. म्हनलं, "मयताच्या घरी शेजारी कडू घास भरवत्यात न्हवं? ह्योबी तसाच गिळायचा." पयला घास त्येंनी लालासाहेबाला भरवला, मग आमा एकेकाला.

आबा, आई गेली तवा मी एकाहत्तरच्या लढाईत हुतो. मला कडू घास कुनी भरवलाच न्हवता. आज शिरा तोंडात गेला आन मी लय रडलो. समद्यांना वाटलं, हॉकीसाठीच. मीबी तसंच वाटू दिलं.

तुमचा लेक,
नाथाजी