दोघं धरून एक टन

५ जानेवारी, रविवार

गाडी आली! लाल, टू-सीटर, छप्पर मागे दुमडणारी. वय एकवीस. चेहऱ्यावरून वाटत नाही. हिने बाल्कनीतून पाहिली आणि विचारलं, उरलेली गाडी कधी येणार? माझ्या बायकोचा विनोद. दुर्लक्ष केलं.

मग खाली येऊन आत बसलीसुद्धा. म्हणाली, चला, तलावापर्यंत जाऊन येऊ. लग्न ठरलं तेव्हा म्हणे मी शब्द दिला होता, एक दिवस उघड्या गाडीतून नेईन म्हणून. त्याला तीस वर्षं झाली. बायकांना नको ते बरोबर लक्षात राहतं. समजावलं की अशी कच्ची गाडी रस्त्यावर काढायची नसते. आधी मॉडिफिकेशन. फार तर महिनाभर. ती बरं म्हणून उतरली. समजूतदार आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५

ऑफिसातून चार प्लॅटफॉर्म काटे आणलेत. (रविवारपुरते. साहेबांना सांगू केव्हातरी.) एकेका चाकाखाली एकेक. गाडी ९३८ किलो. मी ८२. हिला स्वयंपाकघरातून बोलावून काट्यावर उभं केलं: ६१.२. एकूण १०८१.२.

ताकद काय, कुणीही वाढवतो. वजन घटवणं ही खरी कला. सत्तावीस वर्षं वजनमापे निरीक्षक आहे, एवढं तरी कळतं.

संकल्प: दोघं धरून एक टन. म्हणजे ८१.२ किलो काढायचे. त्यातले दहा मी स्वतः देणार. उद्यापासून साखर बंद.

६ जानेवारी

साखर बंद. ऑफिसात एकाचं प्रमोशन होतं. केक. एकच तुकडा घेतला. मोठा होता, पण एकच.

१२ जानेवारी

फिटरकडे गेलो. साठीचा गृहस्थ, एकटाच गॅरेज चालवतो, बोलताना माणसाकडे न बघता इंजिनाकडे बघतो. म्हणाला, साहेब, टायर चांगले घाला, ब्रेकचे पॅड बदला, शॉक अॅब्झॉर्बर नवे टाका. एवढंच करण्यासारखं आहे, बाकी सगळी हौस. किती संकुचित विचार!

स्पॉयलरचं विचारलं. म्हणाला, तो ताशी सव्वाशेच्या वर उपयोगी पडतो, तुम्ही किती चालवता? प्रश्न खासगी होता. स्पॉयलर घेतला. फायबरचा, २.८ किलो. भरपाई दुसरीकडून करू.

२ फेब्रुवारी, रविवार

स्टेपनी आणि जॅक काढले. १६.२ किलो एका झटक्यात! फिटर नको म्हणत होता. पंक्चर झालं तर काय करणार म्हणे. असा निराशावादी माणूस आणि हातात माझी गाडी.

वजनं: मी ८२.६ (मोजे जाड होते). ही ५९.८.

म्हणजे मी नुसता संकल्प सोडला आणि हिने तो पाळलाही. शाबासकी दिली. ही म्हणाली, डाएट कसलं डोंबलाचं, हल्ली जेवणच जात नाही, दोन घासांत पोट भरतं. बायका डाएट कबूल करत नाहीत. त्यांच्यात तसंच असतं.

महिना झाला, कधी जायचं, असं विचारत होती. म्हटलं, सस्पेन्शन येऊ दे.

२ मार्च

सस्पेन्शन आलं. गाडी दोन इंच खाली. काय दिसते! ही बसून बघायला आली. बसली, पण उठता येईना. दोन्ही हात धरून ओढून काढली. दोघंही हसलो. खूप दिवसांनी.

गाण्यांचा प्लेअर, स्पीकर, वायरी: ७.१ किलो. काढले. ही म्हणाली, अहो, निदान गाणी तरी राहू द्या. म्हटलं, इंजिनाचं ऐक. नवा सायलेन्सर लागला की त्यापुढे गाणं काय! जुना डब्बा काढून हलका बसवायचा, त्यात आणखी साडेसात किलो जातात.

मी ८३.० (जेवून मोजलं, पद्धतशीर चूक). ही ५७.५. माझी तूट भरून काढते आहे बिचारी.

१६ मार्च

आज कॉस्मेटिक काम. बॉनेटवरून मागेपर्यंत दोन पट्टे. रंग हिने निवडला, साईच्या रंगाचा. मला काळा हवा होता, पण म्हटलं असू दे. स्टूल टाकून शेजारी बसली होती. पहिला पट्टा सरळ आला. दुसरा थोडा वाकडा आहे, पण वेगात कळणार नाही. दुसरा लावेपर्यंत ही वर निघून गेली, पडते म्हणाली. जिन्यात दोनदा थांबली. व्यायाम नाही, दुसरं काय. माझंही तेच होतं.

२३ मार्च

लेकीचा व्हिडिओ कॉल. आई वाळलीय म्हणे. मी म्हटलं, तुमच्या फोनमध्ये सगळेच वाळलेले दिसतात. तरी डॉक्टरला दाखवा, दाखवा चालूच. शेवटी ही म्हणाली, अगं ऍसिडिटी आहे, बाबांचं गाडीचं काम एकदा आटपू दे, मग जाऊ. बघा. प्राधान्यक्रम कळणारी बायको मिळायला भाग्य लागतं.

फोन ठेवल्यावर ही शिवणाचा डबा घेऊन बसली. सगळे कपडे सैल होतात म्हणून शिवणी आत घेते आहे. हाताला काम असलं की बरं असतं.

६ एप्रिल, सकाळी ९

मी ८३.२. ही ५४.१.

सकाळी ९.४०

काट्यात दोष असावा. महिन्यात ३.४ किलो म्हणजे काय? ऑफिसातलं वीस किलोचं प्रमाणित वजन ठेवून पाहिलं. २०.०००. चारही काट्यांवर फिरवलं. चारही बरोबर.

आज काहीतरी लिहिणार होतो. राहू दे.

दुपारी

अलॉय व्हील बसवली. १४ किलो गेले! आनंदीआनंद. हिला सांगायला वर गेलो, झोपली होती. उठवलं नाही.

२० एप्रिल

नव्या बकेट सीट आल्या. रेसमध्ये असतात तशा. ही बसली आणि लगेच उठली. म्हणाली, हाडं टोचतात. म्हटलं, सीटला हाडं नसतात. म्हणाली, सीटची नाही हो, माझी.

मग उशी आणली. ४०० ग्रॅम. तासभर विचार केला, ठेवावी की नाही. ठेवली. माणसाने एखाद्या ठिकाणी मोठं मन दाखवावं.

४ मे, रविवार

ही ५०.६. मी माझं मोजलं नाही, घाई होती.

काट्यावर उभी असताना तिने विचारलं, किती? म्हटलं, फर्स्ट क्लास. आकडा लिहून घेतला तरी ती खाली उतरेना. माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हटलं, काय गं? म्हणाली, काही नाही.

फिटरकडे ब्रेक, बॅटरी. ब्रेकच्या डिस्क मोठ्या बसवल्या, तिथे दोन किलो वाढले. आता एसी आणि हीटरचा डबा काढायचा. फिटर म्हणाला, साहेब, काढा, पण गाडी चालवणार कधी? गाडी उभी राहून राहून खराब होते. म्हटलं, जूनच्या पहिल्या आठवड्यात, नक्की. त्याने विचारलं, बाईंना आणलं नाहीत या वेळी? म्हटलं, जरा दमतात हल्ली. तो पहिल्यांदाच इंजिन सोडून माझ्याकडे बघत राहिला. मला ते आवडलं नाही.

१८ मे

लेकीने डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊन ठेवली होती, उद्याची. नेमका उद्याच एसी-हीटरचा डबा काढायला फिटर मोकळा. हिला विचारलं. म्हणाली, तुमचं काय ते ठरवा. अपॉइंटमेंट पुढे ढकलली. ११ जून. तेवढ्यात काही आभाळ कोसळत नाही.

७ जून

उद्या. सगळं तयार. साखर उद्यापासून पुन्हा बंद.

८ जून, रविवार, सकाळी ८

ऐतिहासिक दिवस. गाडी ८६८.६. मी ८३.७. ही ४७.३.

एकूण ९९९.६!

तीनदा बेरीज केली. टनाच्या आत, चारशे ग्रॅमने! संकल्प सिद्धीस गेला. खरं सांगायचं तर माझे दहा किलो उलट पावणेदोनने वाढले, पण या बाईने एकटीने १३.९ दिले. या प्रोजेक्टमध्ये सगळ्यांत जास्त कष्ट हिचे. तसं तिला बोलूनही दाखवलं. ती हसली. दात मोठे दिसले.

त्याच दिवशी, दुपारी २

तलावाच्या रस्त्याला लागलो. छप्पर उघडं. काय पळते गाडी! वळणावर अशी चिकटून जाते की बस. मी बोलत होतो, ही डोळे मिटून बसली होती. म्हटलं, मजा येते ना? हो म्हणाली. मग म्हणाली, थंडी वाजते. चांगलं ऊन होतं, मला घाम. हीटर चालू करायला हात गेला आणि आठवलं. हीटर गॅरेजच्या कोपऱ्यात पडलाय.

डिकीतलं जाकीट काढून तिला घातलं. हिशेबात धरलं नव्हतं, ९०० ग्रॅम. टन गेला. असो.

पाच मिनिटांनी पंक्चर.

फिटरचं नाव काढणार नाही. स्टेपनी नाही. फोनला रेंज नाही. रस्त्याकडेच्या दगडावर बसलो दोघं. तलाव तिथून दिसत नाही, एक वळण राहिलं होतं. तासाभराने एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर उतरला, मला काही न विचारता त्याने हिला उचललं आणि पुढच्या सीटवर बसवलं. एका हाताने दार धरून, दुसऱ्या हाताने उचललं.

मी मागे बसलो. एका हाताने उचललं त्याने.

९ जून

अकरा तारखेची वाट बघितली नाही. सकाळीच नेलं. टॅक्सीने.

१४ जून

तपासण्या. लेक आली. माझ्याशी फारसं बोलत नाही. तिचंही बरोबर आहे.

ऑफिसात रजा टाकली. काटे परत केले. साहेबांनी नुसती नोंद केली, त्यांना कुठूनतरी कळलं असावं.

१७ जून

पोटात गाठ. पसरली आहे. ऑपरेशनची वेळ गेली म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय, साधारण अंदाज? मी म्हटलं, अंदाज कशाला. पाच जानेवारी ६१.२. दोन फेब्रुवारी ५९.८. दोन मार्च ५७.५. सहा एप्रिल ५४.१. चार मे ५०.६. आठ जून ४७.३. सगळं तोंडपाठ. ते पटापट लिहून घेत होते. लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, इतकं नेमकं मोजत होता? मग आलात का नाहीत?

लेक माझ्याकडे बघायला लागली. मला टन हा शब्द तोंडातून काढता आला नाही. म्हटलं, चुकलं.

१९ जून

फिटर दवाखान्यात आला होता. हात धुऊन आला होता, तरी नखांत काळं होतं. गाडी त्याने टोचन करून आणलीय. काय करायचं तिचं, असं विचारलं. म्हटलं, मला माहीत नाही. तो हिच्याजवळ दहा मिनिटं बसला आणि पट्ट्यांचा रंग छान निवडलात म्हणाला.

२२ जून, रविवार

लेक खाली औषधं आणायला गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. हिला जरा बरं वाटत होतं, उशीला टेकून बसली होती. म्हणाली, एक विचारू? रागावणार नाही ना? म्हटलं, मी कशाला रागावेन.

म्हणाली, मला आतून कळत होतं हो, काहीतरी बिनसलंय. भीती वाटायची. पण तुम्ही दर महिन्याला उभं करायचात, आकडा लिहून घ्यायचात आणि खुश व्हायचात. मला वाटायचं, यांचा जन्म यात गेलाय. वजनाचं यांना कळत नाही तर कुणाला? वाईट असतं तर हे बोलले असते. म्हणून मी गप्प राहिले. तुमच्या तोंडाकडे बघून दर वेळी धीर यायचा.

मग म्हणाली, खरंच कळलं नाही का हो तुम्हाला?

मी नाही म्हटलं. तिने माझा हात थोपटला, जाऊ दे म्हणाली, आणि झोपली.

इथे तरी खोटं लिहीत नाही. कळलं होतं. एप्रिलमध्येच कळलं होतं. फार घाबरलो, म्हणून गाडीचं बोलत राहिलो.