‘छान आहे’ असे म्हटले, ते मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. नगररचना अधिकारी,
नगर परिषद, ऑर्म्सविक.

विषय : माझी नोंद समर्थकांतून काढून विरोधकांत करणेबाबत.

संदर्भ : १) कारंजा चौकातील बंद पडलेले मोठे दुकान पाडून खाली नवी दुकाने व वर विद्यार्थी-निवास बांधण्याचा प्रस्ताव. २) आपले आभाराचे पत्र.

महोदय,

तुमच्यापैकी कोणीतरी, ज्याचे नाव विचारूनही मला कोणी सांगत नाही, आमच्या सभ्यपणाचा दोर वळून आमच्याच गळ्यात अडकवला आहे. मी त्याच इमारतीच्या मागच्या दाराशी चहाचे दुकान चालवते. इमारत पडली की दुकान पडले. आणि आपल्या दप्तरी मी या पाडकामाची समर्थक आहे!

१. बिल्डरच्या लोकांनी नकाशांचे प्रदर्शन माझ्याच दुकानात मांडले. नकाशांजवळ एक पोरसवदा बाई उभी होती, पावसात पार भिजलेली. आमचे रोजचे गिऱ्हाईक, निवृत्त बस ड्रायव्हर विल्फ, कोपऱ्यातल्या टेबलावर गरजत होते, "भर चौकात काचेची बरणी उभी करतायत! तीत पोरं ठेवणार, व्हिनेगरमधल्या कांद्यांसारखी!" त्या बाईने अभिप्रायाचे कार्ड पुढे केले. विल्फनी लिहिले, ‘फारच छान. मेहनत दिसते.’ त्यांची बहीण मॉरीन म्हणाली, "अरे, आत्ता तर शिव्या घालत होतास." त्यावर ते म्हणाले, "मग काय तिच्या तोंडावर सांगू? लेकराचे बूट बघ, पाणी गळतंय."

सगळ्यांनी असेच लिहिले. मीही लिहिले, ‘छान आहे. धन्यवाद.’ तिला दुसरा चहाही दिला. आमच्या गावात समोर उभ्या माणसाला कोणी ‘वाईट’ म्हणत नाही. ते आम्ही घरी जाऊन म्हणतो. हे आपणास ठाऊक नाही असे समजू नये. आपणही इथलेच आहात.

२. या कार्डांवरून ‘नागरिकांनी उत्साहाने स्वागत केले’ असा अहवाल झाला. मी तत्काळ माझे मत मागे घेत असल्याचे कळविले. आपण उत्तर पाठविले की, मत कळविल्याबद्दल आभारी आहोत. मीही सवयीने उलट लिहिले, ‘तत्पर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार.’ तेही समर्थन म्हणून नोंदले गेले. आता माझी दोन समर्थने आहेत. विल्फचे एकच आहे, त्यावरून ते मला चिडवतात.

३. गुरुवारच्या समितीच्या बैठकीत बोलू द्या, असे विचारले. आपल्या खिडकीवरील गृहस्थ म्हणाले, "बोला की. फक्त तुमचं नाव समर्थकांत आहे, तेव्हा समर्थकांच्या वेळात बोलावं लागेल." म्हटले, "मी विरोधात बोलणार आहे." ते म्हणाले, "मग बाई, तुम्ही चुकीच्या रांगेत उभ्या आहात." दुसऱ्या रांगेत गेले, तर तिथे म्हणाले, "तुमचं नाव इथं नाही." मी त्या दोघांचेही आभार मानून घरी आले. काय करू, तोंडातून निघते.

४. विद्यार्थ्यांशी माझे वैर नाही. शनिवारी माझ्याकडे वाढायला येते ती बेथन विद्यार्थिनीच आहे. तिला नकाशातल्या खोल्या दाखवल्या. ती हसली. "ग्लेंडा, असल्या खोलीचं भाडं भरायला मला तुझ्या दुकानासारख्या चार दुकानांत काम धरावं लागेल." म्हणजे ती तिथे राहणार नाही, मी तिथे राहणार नाही. खालच्या नव्या दुकानांपैकी एखादे मला मिळेल का, असे बिल्डरला विचारले, तर म्हणाले, "तुमचा चहा आम्हाला फार आवडला." हे काय उत्तर झाले?

५. विल्फ हिवाळ्यात खर्चापायी घरची शेगडी लावत नाहीत. एका चहावर दिवसभर माझ्याकडे बसतात. ते कुठे बसणार, हा विचार नियोजनात मोडत नाही, असे मला सांगण्यात आले. उजेड, आवाज, रहदारी हे मोडते म्हणे. विल्फ यांपैकी काहीच नाहीत. आवाज थोडा आहे.

वर ‘महोदय’ लिहिले आहे आणि खाली ‘नम्र’ लिहीत आहे. या दोन्ही शब्दांची नोंद समर्थनात करू नये.

एवढेच सांगा : या गावच्या माणसाने ‘नको’ कसे म्हणावे, म्हणजे तुमच्या दप्तरी ते ‘नको’ असेच लिहिले जाईल? गुरुवारच्या आत लेखी उत्तर द्या. आभार मानू नका.

आपली, तरीही नम्र,
ग्लेंडा हॅक्सबी
चहाचे दुकान, मागचे दार, कारंजा चौक
सोमवार, १३ नोव्हेंबर

सोबत : विल्फ यांचे वेगळे पत्र. त्यात त्यांनी फक्त ‘नको’ लिहिले आहे. खाली ‘धन्यवाद’ लिहिले होते, ते मी खोडले.