दादाने पाठवलेली तीन जोडपी

मुंबई,
ता. १४ ऑक्टोबर १९८६

चि. दमयंतीस महिपतदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू उन्हाळ्यापासून मागे लागली होतीस ते आफ्रिकेतले मासे अखेर मिळाले. शेजारचा बाबू एस.टी.ने गावी येतोय, त्याच्या हाती पिशव्या देतो आहे. मलावी नावाच्या मोठ्या तळ्यातले आहेत, सिक्लिड म्हणतात त्यांना. दुकानदार मात्र चावट निघाला. म्हणे, हे मासे मारकुटे, एका नराबरोबर पाच-सहा माद्या न्या! तुझी गोदावहिनी शेजारीच उभी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या घरात असली थेरं नकोत, असं त्याला बजावून मी तीन जातींची तीन जोडपी घेतली. सुखाने नांदतील.

आता महत्त्वाचं. काशीरामराव गुहागरहून मुद्दाम मला भेटायला आले होते. तू त्यांचं घर सोडून आईकडे येऊन वर्ष झालं, त्यांना पस्तावा झालाय. पुन्हा बायकोवर हात उचलणार नाही, असं ते माझ्यासमोर म्हणाले. मी तुला पाठवायचा शब्द दिला आहे. तुळशीचं लग्न झालं की ते तुला न्यायला येतील. तोवर मासे बघ, मन रमेल.

आईस नमस्कार. लोभ आहेच, हट्ट तेवढा कमी करावा.

तुझा,
दादा

—

रत्नागिरी,
ता. २४ ऑक्टोबर १९८६

ती. दादास दमयंतीचा सा. न. वि. वि.

नमस्कार मनापासून केला आहे. पुढचं सगळं रागाने लिहिते आहे.

मासे पोचले. बाबूने पिशव्या तान्ह्या बाळासारख्या मांडीवर धरून आणल्या. पडवीतल्या काचेच्या टाकीत सोडले तेव्हा अर्धी आळी बघायला जमली होती. काळा, निळसर पट्ट्यांचा तो नर आणि पिवळीधमक ती त्याची मादी. काळ्याने आल्या आल्या एक कोपरा बळकावला आणि पिवळीला तिथून हाकललं. ती दुसऱ्या कोपऱ्यात गेली, तर हा तिथेही. खायला वर आली की हा अंगावर. तिच्या शेपटीची लक्तरं झाली. आई म्हणाली, नवं जोडपं आहे, रुळतील हळूहळू. आठवडा संपायच्या आत पिवळी तळाशी आडवी पडलेली होती. उरलेल्या दोघी माद्या मी उचलून बादलीत ठेवल्या आहेत.

तुझा दुकानदार चावट नव्हता रे, शहाणा होता. माद्या पुष्कळ असल्या की नराचा राग सगळ्यांत वाटला जातो, एकीच्याच जिवावर येत नाही. तळ्यात मार खाणारा मासा निदान लांब पळून जातो. काचेत कुठे पळणार? आणि तू सोवळेपणा करून नेमकी एकेकीच पाठवलीस.

गुहागरला मी जाणार नाही. शब्द तू दिलास, तर नांदायलाही तूच जा. तुला घावणे छान येतात, खूष होतील ते.

लोभ आहे, तो वाढला नाही तरी चालेल.

दमयंती

—

मुंबई,
ता. ३१ ऑक्टोबर १९८६

चि. दमयंतीस आशीर्वाद, वि. वि.

माशांच्या आडून मला बोलू नकोस. मासा तो मासा, माणूस ते माणूस. त्या पिवळीनेही जरा कळ काढली असती तर जमलं असतं. काळ्याला विहिरीत सोडून दे, म्हणजे कटकट मिटेल.

लोक विचारतात, बहीण अजून माहेरीच का. मी काय तोंड दाखवू? आईलाही तू सासरी गेलेली हवी आहेस, तसं तिने मला कोणाकडून तरी लिहवून कळवलं आहे. मी तुझ्या वाईटावर नाही, एवढं तरी मान.

राग गिळून लोभ ठेव.

दादा

—

मुंबई,
ता. ३ नोव्हेंबर १९८६

प्रिय दमयंतीवन्सं, गोदावहिनीचा नमस्कार, वि. वि.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. काल त्या दुकानात एकटी जाऊन आले आणि पिवळ्या माद्याच माद्या घेतल्या. दुकानदारासमोर जराही लाजले नाही! बाबू घेऊन येईल.

त्याने सांगितलं ते असं. आधी टाकीतले सगळे दगड हलवायचे, म्हणजे काळ्याचा ठरलेला कोपरा उरत नाही. दगड थेट वरपर्यंत रचायचे, आतून लपायला आणि निसटायला वाटा ठेवायच्या. मग सगळ्या माद्या एकदम सोडायच्या, एकेक करून नाही. काळ्यासारखाच पट्ट्यांचा दुसरा नर असेल तर तो वेगळा काढा, सारख्या रंगाचे एकमेकांचा जीव घेतात.

वन्सं, तुम्ही गुहागरहून आलात तेव्हा मी रत्नागिरीतच होते, न्हाऊ मीच घातलं होतं. तुमची पाठ मी पाहिली आहे, ह्यांनी पाहिलेली नाही. ह्यांनी फक्त काशीरामरावांचं बोलणं ऐकलं. तुम्ही हलू नका. इकडचं मी बघते.

माझा लोभ कुणाला विचारून नसतो.

तुमची,
गोदावहिनी

—

रत्नागिरी,
ता. २१ नोव्हेंबर १९८६

ती. दादास सा. न. वि. वि.

वहिनीने पिवळ्या पाठवल्या, हे तुला आता कळतं आहे. तिच्यावर चिडायचं असेल तर आधी मला भेट. परसातले भोकाभोकांचे जांभ्याचे दगड धुऊन टाकीत वरपर्यंत रचले. आपलं पाणी ह्या माशांना फार हलकं, म्हणून त्यात चुना उतरायला कालवांची शिंपलीही घातली. मग बादलीतल्या दोघींसकट सगळ्या माद्या एकदम सोडल्या. काळ्याचा स्वभाव तोच आहे. एकीच्या मागे लागतो, मध्येच दुसरी आडवी जाते, पहिली दगडात शिरते आणि हा भोवऱ्यासारखा फिरत राहतो. सगळ्या धडधाकट आहेत. त्याला मी विहिरीत सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही.

काल काशीराम आले, नवी साडी घेऊन. आईने सकाळीच माझी पेटी भरून पडवीत आणून ठेवली होती. खाणंपिणं झाल्यावर मी हळूच सांगितलं, की मी येणार नाही. ते हसले, आईला म्हणाले की हिला माहेरी फार लाडावलंय. मी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी मोठ्याने. त्यांचा हात वर गेला. खांद्यापर्यंतच गेला, मग आपण कुठे आहोत ते आठवलं असावं, म्हणून त्यांनी तो केसांवरून फिरवला. पण आईने बघितलं.

दादा, वर्षभर मी तिला सांगत होते आणि ती मान हलवून तांदूळ निवडत होती. काल ती उठली. पेटी उघडली आणि त्यांच्यादेखत माझ्या साड्या एकेक करून परत दांडीवर टाकल्या. मग त्यांना म्हणाली, गुहागरची गाडी सुटायची वेळ झाली, निघा आता, आणि पुन्हा ह्या पायरीवर चढू नका. आवाज चढवला नाही. मला मात्र रडू आवरेना.

आता ते तू दिलेला शब्द मागायला तुझ्याकडे येतील. माझ्यासाठी तू भांडावंस अशी माझी फार इच्छा आहे, पण नाही भांडलास तरी इथे काही बदलणार नाही. राहू का, असं मी विचारलेलं नाही. राहते आहे, असं कळवते आहे.

आता सही करत होते, तर आई येऊन शेजारी बसली. कुणाला पत्र, म्हणून तिने विचारलं. सगळं वाचून दाखवल्यावर म्हणाली, माझंही नाव खाली घाल.

तुझी,
दमयंती
आणि आई